सिमेंट उतरलं, ओटा का नाही?

घटस्थापनेच्या दिवशी, म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि घराघरांत एक जुना विषय पुन्हा निघाला. ‘सिमेंट स्वस्त झालंय, आता स्वयंपाकघराचं काम काढूच!’ तो गळका सिंक, उखडलेल्या टाइल्स, दार न लागणारं ते ओट्याखालचं कपाट... दरवर्षी दिवाळीच्या आधी बोलायचं आणि दिवाळी झाली की विसरायचं, असं कितीतरी घरांत चाललेलं असतं. या वेळी सरकारनंच मदत केली म्हटल्यावर हुरूप येणारच. पण मैत्रिणींनो, हुरूप आला की आधी वही-पेन घ्यावं. सिमेंटचा गाजावाजा आणि आपल्या ओट्याचा हिशेब यांत बरंच अंतर आहे.

सिमेंटवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, हे खरं. आता गणित करून पाहा. करापूर्वीची गोणीची किंमत समजा ३०० रुपये धरली. आधी ती ३८४ ला पडायची, आता ३५४ ला. म्हणजे गोणीमागे ३० रुपये. नवं घर बांधणाऱ्याला शेकड्यांनी गोण्या लागतात, त्याच्या दृष्टीनं ही रक्कम मोठी. आपलं काम काय? जुना ओटा फोडून नवा बांधायचा, भिंतीला टाइल्स लावायच्या, मोरीचा उतार नीट करायचा. पंधरा गोण्या धरल्या तरी वाचले साडेचारशे रुपये. एवढ्यात एक बरा नळसुद्धा येत नाही!

आणखी काय उतरलं? स्टील, तांबं, ॲल्युमिनियमच्या भांड्यांवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला. डिशवॉशरचा २८ वरून १८ झाला. ग्रॅनाइटचाही १२ वरून ५ झाला, पण तो खाणीतून निघणाऱ्या ठोकळ्याचा. आपण दुकानातून आणतो ती कापलेली, पॉलिश केलेली फरशी १८ टक्क्यांतच आहे. प्लायवूड, लॅमिनेट, सिरॅमिक टाइल्स, रंग, बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनेल... सगळं १८ टक्क्यांतच. आणि स्वयंपाकघराच्या बिलातला मोठा वाटा याच वस्तूंचा आणि मजुरीचा. गवंडी, सुतार, प्लंबर यांची वर्षाची उलाढाल बहुधा वीस लाखांच्या आत असते, त्यामुळे त्यांना जीएसटीची नोंदणीच लागत नाही. त्यांच्या मजुरीवर आधीही कर नव्हता, आताही नाही. मग ती कमी कशी होणार?

आता दुकानात गेल्यावरचा पहिला प्रश्न. ‘वहिनी, पक्कं बिल हवंय की कच्चं?’ कच्च्या बिलात १८ टक्के वाचतात, हे ऐकायला गोड वाटतं. पण सहा महिन्यांनी प्लायला बुरशी आली, तर त्या चिठ्ठीवर दुकानदार तुम्हाला ओळखही दाखवणार नाही. पक्कं बिल असेल तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवा.

यातली एक मेख मात्र फार कमी जणींना माहीत असते. छोटे दुकानदार पुष्कळदा ‘कंपोझिशन’ योजनेत असतात. त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेण्याची परवानगीच नाही. तेव्हा कुणी भावावर वरून १८ टक्के लावले, तर बिलावर जीएसटी क्रमांक आणि कराची वेगळी ओळ आहे का, एवढं बघायचंच. नसेल तर ते १८ टक्के सरकारच्या तिजोरीत जात नाहीत. कुठे जातात ते कळलंच असेल!

मापाचा घोळ याहून मोठा. एक सुतार सांगतो, ‘रनिंग फुटाला साडेचार हजार.’ दुसरा सांगतो, ‘स्क्वेअर फुटाला दीड हजार.’ ऐकताना दुसरा किती स्वस्त वाटतो! (आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावचा भाव वेगळा असेल.) बारा फूट लांब ओटा, त्याखाली पावणेतीन फूट उंचीची कपाटं. म्हणजे ३३ स्क्वेअर फूट. पहिल्याचे झाले ५४ हजार, दुसऱ्याचे साडेएकोणपन्नास. फरक साडेचार हजारांचाच. त्यात पहिल्यानं बिजागऱ्या, हँडल, आतले कप्पे धरले असतील आणि दुसऱ्यानं ‘ते वेगळं’ म्हटलं, तर स्वस्त कोण? दोघांकडून एकाच मापात लिहून घ्यायचं आणि आत काय काय धरलंय तेही. तोंडी ‘होऊन जाईल हो ताई’ यावर भरवसा नको.

प्लायबद्दलही थोडं. ‘वॉटरप्रूफ आहे’ या शब्दाला काही अर्थ नाही. फळीवर आयएसआयचा शिक्का आणि त्याजवळचा आकडा पाहा. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, पाण्याला सगळ्यात टिकाऊ. आयएस ३०३ मध्ये दोन प्रती येतात. बीडब्ल्यूआर पाण्याला बऱ्यापैकी तोंड देते, एमआर फक्त दमटपणाला. सिंकखाली एमआर लावलं की पहिल्या गळतीतच फुगलं म्हणून समजा. सगळीकडे महागडं मरीनच हवं असंही नाही. सिंकखाली आणि मोरीच्या बाजूला ते, वरच्या कपाटांना कमी प्रतीचं चालतं.

माझं विचाराल तर, आपल्याकडच्या जुन्या कडप्प्याच्या उभ्या फळ्या आणि कप्पे धडधाकट असतील तर ते फोडायची घाई करू नये. कडप्पा फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही. त्याला नुसती नवी दारं बसवली की निम्म्याहून अधिक प्लाय वाचतं. शोरूमवाला हे सांगणार नाही. त्याला सगळं उचकटूनच हवं असतं. शोरूममध्ये चकचकीत ड्रॉवर ओढून बघताना मन पाघळतं, पण आपल्या घरात त्यात दहा किलोचा ज्वारीचा डबा बसणार आहे का, हे तिथेच विचारावं.

आता पैसे आणायचे कुठून? शोरूममध्ये ‘नो कॉस्ट ईएमआय’ची पाटी असते. शून्य टक्के व्याज असं खरं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याज कुठेतरी असतंच. कधी प्रोसेसिंग फीमध्ये, कधी रोखीनं घेतलं असतं तर मिळाली असती त्या सवलतीत. म्हणून आधी रोख भाव विचारा, मग हप्त्याचा. २०२५ या एका वर्षात रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. गृहकर्ज चालू असेल तर त्यावरचं टॉप-अप कर्ज वैयक्तिक कर्जापेक्षा बहुधा स्वस्त पडतं. दुरुस्तीच्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला ३० हजारांपर्यंत वजावट मिळते, पण जुनी करप्रणाली घेतली असेल तरच. नव्या प्रणालीत राहत्या घरासाठी ती नाही.

आणि मग नजर जाते ती कपाटातल्या डब्याकडे. २०२५ मध्ये सोन्यानं तोळ्याला लाखाचा टप्पा ओलांडला. ‘दोन पाटल्या मोडल्या की झालं स्वयंपाकघर!’ असं घरातलं कुणीतरी सहज म्हणून जातं. तारण ठेवणंही सोपं होत चाललंय. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेनं २०२५ च्या जूनमध्ये जाहीर केली. पण इथे जरा थांबावं. पाटल्या तुमच्या, स्त्रीधन. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्येही पुन्हा सांगितलं की स्त्रीधनावर नवऱ्याचा मालकी हक्क नाही, अडचणीत वापरलं तर ते परत करणं त्याचं कर्तव्य. ओटा मात्र भिंतीला चिकटलेला, आणि भिंत कुणाच्या नावावर? घर सासऱ्यांच्या किंवा यजमानांच्या नावावर असेल, तर तुमचं सोनं त्यांच्या भिंतीत गेलं आणि कागदावर तुमचं नाव कुठेच नाही. देऊच नका असं म्हणत नाही. संसार आपलाही आहे. पण पैसे आपल्या बँक खात्यातून द्या, बिलं आपल्या नावावर घ्या आणि फाइल आपल्याजवळ ठेवा. भांडण नको, नोंद हवी.

‘स्वयंपाकघरावर एवढा खर्च कशाला, पाहुणे तर हॉलमध्ये बसतात!’ हे वाक्य ऐकलं नाही अशी बाई विरळाच. त्याला उत्तर म्हणून एक आकडा सांगते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. म्हणजे जवळजवळ पाच तास! त्यातले कितीतरी त्या ओट्यापाशीच जातात. तेव्हा पैसे कमी पडले तर आधी लॅमिनेटचा रंग सोडा, ओट्याची उंची सोडू नका. चपला घालून ताठ उभं राहायचं, कोपर वाकवायचं आणि कोपरापासून चारेक इंच खाली ओटा यावा. गवंड्याला स्वतः उभं राहून खूण करून द्या. पाच फूट उंचीच्या बाईला उंच ओटा दिला की पोळ्या लाटताना खांदे उचलूनच राहतात, मग डॉक्टरचा खर्च वेगळा.

जुन्या घरात टाइल्स काढल्या की आत गंजलेला पाइप किंवा ओल निघतेच, म्हणून एकूण अंदाजाच्या दहा-पंधरा टक्के रक्कम बाजूला ठेवा आणि त्याबद्दल सुताराला सांगू नका. पैसे टप्प्याटप्प्यानं द्या. शेवटचा हप्ता काम संपल्यावर पंधरा दिवसांनी द्यायचा, हे आधीच लिहून ठरवा. तेवढ्या दिवसांत सिंक रोज वापरला जातो आणि खालचं दार फुगतं की नाही ते कळतं.