युवराज, नावं कुठे आहेत?

युवराज एडवर्ड महाशय यांस,
बुधवार पेठेतून नमस्कार.

पत्र शंभर वर्षं उशिराने लिहितो आहे. ते तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून अनावृतच ठेवतो.

19 नोव्हेंबर 1921 रोजी तुम्ही आमच्या पुण्यात, नदीपलीकडे भांबुर्ड्याला आलात. तुमच्या दौऱ्यावर देशभर बहिष्काराची हाक होती, तरी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पुढाकार घेऊन तुम्हाला मान दिला. तुम्ही मराठा युद्धस्मारकाची कोनशिला बसवलीत, पहिल्या महायुद्धात पडलेल्या आमच्या माणसांच्या शौर्याचे गोडवे गायलात. ऐकणाऱ्यांचा ऊर भरून आला असेल.

पण तुम्ही नुसते पाहुणे नव्हतात. ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धसमाधी आयोगाचे अध्यक्ष होतात. मेलेल्यांत हुद्द्याचा, धर्माचा भेद करायचा नाही, हे त्या आयोगाचं ब्रीद.

मग 1929 साली बसऱ्याला काय झालं? पुण्याचंच नाव लावणाऱ्या सहाव्या डिव्हिजनमधून 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, कूतच्या वेढ्यात अडकल्या. त्या मुलखात मेलेल्यांसाठी आयोगाने बसऱ्याला उभारलेल्या स्मारकावर साध्या गोऱ्या सोजिराचंही नाव आलं, हिंदी अधिकाऱ्यांचंही आलं. हिंदी शिपायांची मात्र पलटणीपुढे नुसती संख्या. तेहेतीस हजारांवर माणसं अशी आकड्यांत जमा झाली. जमण्यासारखं नव्हतं म्हणावं, तर दोनच वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये नव शापेलला 4,700हून अधिक हिंदी नावं याच आयोगाने कोरली होती.

आमच्या पेठेत देवळाला कुणी पंखा दिला, तर पात्यावर त्याचं नाव रंगवतात. पंखा फिरू लागला की वाचता येत नाही, तरी रंगवतात. जीव देणाऱ्याच्या वाट्याला तुमच्या दरबारी तेवढंही आलं नाही, हे मनाला लागतं.

एप्रिल 2021मध्ये आयोगाने आपल्याच अहवालात हा भेदभाव कबूल केला, ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटमध्ये माफी मागितली. माफी ज्यांची मागायची, त्या आयाबायका केव्हाच गेल्या होत्या.

तेव्हा स्मारकापुढे माइक धरणाऱ्या सगळ्यांना, आमच्या पुढाऱ्यांनाही, एकच सांगणं: शौर्यगान राहू द्या. यादी काढा आणि वाचा. नाव, बापाचं नाव, गाव. वेळ लागेल. लागू द्या.

आपला,
बुधवार पेठेतला एक रहिवासी