किरणोपचारानंतरचा योनिसंकोच आणि आपले मौन

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे किरणोपचार संपवून घरी परतलेली स्त्री काही महिन्यांनी आमच्याकडे येते, ती बहुधा अशक्तपणाचे वा मूत्रदाहाचे निमित्त सांगत. उठता उठता दाराशी थांबून मग खरी व्यथा बोलते, की शरीरसंबंध असह्य झाला आहे. पुष्कळदा तेवढेही बोलत नाही, आणि आम्हीही विचारीत नाही.

बाह्य किरणांच्या जोडीला योनिमार्गातून दिलेल्या ब्रॅकीथेरपीने रोग आटोक्यात येतो. परंतु तेथील श्लेष्मल त्वचा पातळ व कोरडी होते, तंतुमय ऊतक वाढून मार्ग आखूड व अरुंद होतो. बीजकोशांचे कार्य थांबल्याने शोष अधिकच वाढतो. हा प्रश्न केवळ दांपत्यजीवनाचा नव्हे. मार्ग मिटला तर पुढील तपासणीही नीट होऊ शकत नाही.

आमच्यातील काही जण यास ‘शुष्का’ वा ‘सूचीमुखी’ म्हणून मोकळे होतात. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या ३० व्या अध्यायात पहिलीचा हेतू मैथुनकाली वेगधारण सांगितला आहे, तर दुसरी मातेच्या वातप्रकोपाने गर्भावस्थेतच घडते. येथे हेतू किरण आहेत. लक्षणसाम्यावरून नाव द्यावे, पण नावामागोमाग चिकित्सा जशीच्या तशी ओढून आणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. किरणदग्ध ऊतकाची व्रणरोपणाची शक्ती क्षीण झालेली असते. तेथे क्षारकर्म, उत्तरबस्ती वा निर्जंतुक नसलेला तैलपिचू कर्करोगतज्ज्ञास न विचारता योजणे हे साहस होय.

औषधी विक्रेत्यांसही एक सांगणे आहे. ‘अंगावरून जाते’ एवढ्या तक्रारीवर माजूफळ-तुरटीची स्तंभक औषधे सहज दिली जातात. आधीच संकोचाने ग्रासलेल्या स्त्रीच्या हाती संकोचक औषध! शिवाय उपचारानंतरचा रक्तस्राव वा दुर्गंधी स्राव रोग उलटल्याचे लक्षण असू शकतो. तो थांबविण्याआधी तिची तपासणी व्हावयास हवी.

रुग्णालयातून घाईत दिलेला डायलेटर कित्येकींच्या कपाटात फडक्यात गुंडाळलेला राहतो. दाह ओसरल्यावर, साधारणतः ४ आठवड्यांनी, तज्ज्ञाच्या अनुमतीने, पाण्यात विरघळणारे वंगण लावून आठवड्यातून २-३ वेळा, ५ ते १० मिनिटे तो वापरावयाचा असतो. हे मायबोलीत शांतपणे समजावणे आम्हांस अवघड नाही. पतीसही बोलवावे. हा कर्करोग संबंधातून लागत नाही, आणि ब्रॅकीथेरपीचा किरणस्रोत उपचारानंतर शरीराबाहेर काढलेला असतो, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

मल वा मूत्र योनिमार्गे झिरपत असल्याचे तिने सांगितले, तर मात्र चिकित्सापत्र लिहीत न बसता त्याच दिवशी तिला मूळ रुग्णालयात पाठवावे.