सावकाश पाहणारा शिकारी

घराच्या भिंतीवर माशीमागे टुणकन उडी मारणारा छोटा कोळी आपण सर्वांनी पाहिला असेल. त्याच्याच कुळात पोर्शिया नावाची एक प्रजाती आहे. आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या उष्ण प्रदेशांत तिच्या जाती आढळतात. आपल्या देशात आणि शेजारच्या श्रीलंकेतही ती आहे. हा कोळी जेमतेम एक सेंटिमीटरचा. जाळ्यात अडकलेला सुका पाचोळाच वाटावा, असे त्याचे रूप.

पोर्शियाचे आवडते भक्ष्य म्हणजे दुसरे कोळी, कधी कधी स्वतःहून मोठेसुद्धा. परक्या जाळ्याच्या कडेला थांबून तो पायांनी धागे छेडतो. जाळ्याच्या मालकाला वाटते, किडा सापडला! एक ताल जमला नाही, तर तो दुसरा धरतो, मग तिसरा. ज्या तालावर मालक हलतो, तोच पुन्हा वाजवतो. वाऱ्याने जाळे हलले की त्या हेलकाव्यात आपली चाहूल लपवून पुढे सरकतो.

न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातील रॉबर्ट जॅक्सन यांनी सहकाऱ्यांसह या कोळ्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. एका प्रयोगात पोर्शियाला उंचावरून भक्ष्य दाखवले. समोर दोन वाटा होत्या. भक्ष्यापर्यंत एकच पोचत होती. खाली उतरल्यावर भक्ष्य नजरेआड होत असे. तरी पुष्कळदा त्याने योग्य वाट धरली. म्हणजे वरूनच वाट ठरवून तो निघाला होता.

हे सारे तो फार सावकाश करतो. त्याला आठ डोळे आहेत. समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांना बारकावे दिसतात, पण एका वेळी अगदी छोटासा भाग. तुकडे जोडत चित्र पुरे करायला त्याला वेळ लागतो.

आम्हा शिक्षकांना वर्गात अशी मुले रोज भेटतात. प्रश्न विचारला की ती गप्प राहतात. घरी अम्मी म्हणते, "बहीण बघ, कशी पटकन सांगते!" शेजारी 'मठ्ठ' म्हणून मोकळे होतात. एकदा हा शब्द कानांत बसला की मूल विचार करणेच सोडते.

आज अभ्यास घेताना एवढेच करून पाहा. प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश दहापर्यंत मोजा. तोवर उत्तर सांगू नका, भावंडांनाही सांगू देऊ नका. चुकले तर दुसरी वाट शोधू द्या.