यंत्रसारथी आणि पादचारी

सारथ्याविना धावणारी मोटार आता केवळ कल्पनाविलास राहिलेली नाही. अमेरिकेतील फिनिक्स परिसरात २०२० पासून अशा मोटारी सर्वसामान्य उतारूंची ने-आण करीत आहेत. वाहने परस्परांशी व सिग्नलशी संदेशांनी जोडली गेली, तर त्यांच्यातील अंतर घटून आहे त्याच रस्त्यावर अधिक वाहने मावतील, अशी वाहतूकतज्ज्ञांची अपेक्षा आहे.

परंतु त्याच परिसरातील टेंपे गावी १८ मार्च २०१८ च्या रात्री काय घडले, हेही वाचकांनी ध्यानी घ्यावे. सायकल हाताने ढकलीत रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला उबर कंपनीच्या चाचणीतील मोटारीने धडक दिली व तिचा अंत झाला. यंत्राला ती ५.६ सेकंद आधीच दिसली होती. देखरेखीस बसलेल्या व्यक्तीचे लक्ष रस्त्यावर नव्हते. आणि आखीव पट्ट्यांबाहेरूनही माणूस रस्ता ओलांडतो, हे यंत्रास शिकविलेलेच नव्हते! २०१९ च्या सरकारी चौकशीत हे निष्पन्न झाले.

आमच्या इंदूरात राजवाड्यापाशी पट्ट्यांवरूनच चालणारा विरळा. उद्या येथे यंत्रसारथी आला, तर त्याला माणूस ओळखावयास शिकवायचे, की माणसालाच कठड्याआड कोंडायचे? कठडे उभारणे सोपे आहे. पण मग समोरच्या शाळेत जाणाऱ्या मुलाने किती वळसा घालावा? रस्त्याचे नकाशे काढताना पहिली रेघ पायी चालणाऱ्यासाठी ओढली जावी, एवढेच आमचे मागणे आहे.