काव्यगत न्याय की नुसतीच जिरवाजिरवी?

‘पोएटिक जस्टिस’ हा इंग्रजी शब्दप्रयोग मराठी वृत्तपत्रीय लेखनात आता चांगलाच रुळला आहे. कधी मूळ रूपात, कधी ‘काव्यात्म न्याय’ या भाषांतरित वेषात. मातब्बर पुढारी निवडणूक हरला की काव्यात्म न्याय, उर्मट खेळाडू शून्यावर बाद झाला तरी काव्यात्म न्याय. ‘बरी जिरली’ यापलीकडे त्यात काही उरत नाही. नावडत्या माणसाच्या आजारपणालाही हेच बिरुद लावले जाते, तेव्हा तर निव्वळ दुष्टाव्याला साहित्यशास्त्राची झूल चढते.

थॉमस रायमर या इंग्रज समीक्षकाने १६७८ साली ही संज्ञा वापरली, ती वेगळ्या आग्रहापोटी. जगात सज्जनांना सुख आणि दुर्जनांना शासन मिळतेच असे नाही. निदान नाटकात तरी हा हिशेब चुकता व्हावा, असे त्याचे म्हणणे. म्हणजे येथे ‘काव्यात्म’ याचा अर्थ ‘काव्यात मिळणारा’. (म्हणूनच ‘काव्यगत न्याय’ हा पर्याय मला अधिक नेमका वाटतो.) याच अभिरुचीतून नाहम टेटने १६८१ मध्ये ‘किंग लिअर’चा शेवट पालटला. त्याच्या नाटकात कॉर्डेलिया जगते, तिचा विवाहही ठरतो. आणि इंग्रजी रंगभूमीवर दीडशे वर्षांच्या आसपास हेच रूप प्रामुख्याने गाजत राहिले. डॉ. जॉन्सनसारख्या कठोर समीक्षकालाही मूळ शेवट इतका असह्य झाला होता की, संपादनाचे काम अंगावर येईपर्यंत तो पुन्हा वाचण्याचे धैर्य आपल्याला झाले असेल की नाही, याची त्याला शंका होती.

पुढे इंग्रजीत या संज्ञेला आणखी एक अट चिकटली: शिक्षा अपराधाच्याच जातीची हवी. क्लॉडिअस स्वतःच कालवलेल्या विषाने मरतो. आपल्याकडचा भस्मासुर तर याचा आदर्शच; वराने मिळालेला हातच त्याला जाळतो. गंमत अशी की, मराठी वाक्प्रचारात ‘भस्मासुर’ म्हणजे पोसणाऱ्यावरच उलटलेली आपत्ती. त्याचे जळणे आपण विसरलो, शंकराची धावपळ तेवढी ध्यानात ठेवली.

या अटीवर पुढाऱ्याचा पराभव हा फक्त पराभव ठरतो. त्याने विरोधकांसाठी केलेल्या कायद्यात तोच अडकला, तर गोष्ट वेगळी.

वर्गात मात्र अडचण उलट बाजूने येते. ‘एकच प्याला’मध्ये (१९१९) सुधाकर विष घातलेल्या प्याल्यानेच मरतो, हे विद्यार्थ्यांना पटते. पण ‘सिंधूला न्याय मिळत नाही, हा नाटकाचा दोष’ असे वाक्य उत्तरपत्रिकांत हमखास भेटते. रायमरचे नावही न ऐकलेली मुले त्याचीच री ओढतात! सिंधूचा काहीही अपराध नाही, आणि तरीही ती मरते. नाटक आपल्याला छळत राहते ते यामुळेच. सुधाकरच्या मरणाने तिच्या मरणाची भरपाई झाली असे ज्याला वाटते, त्याने पाचवा अंक पुन्हा वाचावा.