दहा हजारांचं टार्गेट कोणासाठी?

आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात एक तरी माणूस असा असतो, ज्याला डॉक्टरांनी "रोज चालत जा" असं बजावलेलं असतं आणि जो वर्षभर "उद्यापासून नक्की" म्हणत असतो. आमच्या घरी ते बाबा आहेत. टेबलावरची नोकरी, ऑफिसला जायला स्कूटर, आणि कोपऱ्यावरून दूध आणायचं तरी स्कूटरच! शुगर बॉर्डरवर आहे. आजोबांच्या पायाचं बोट डायबिटीसमुळे कापावं लागलं होतं, त्यामुळे 'बॉर्डर' हा शब्द आमच्या घरात कोणी हसण्यावारी नेत नाही. बाबा सोडून.

हे फक्त आमच्या घरचं नाही. २०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के, बायकांमध्ये ५७. (बायकांचा आकडा मला आधी पटला नव्हता. आई दिवसभर उभीच असते! पण ओटा ते फ्रीज ते गॅलरी, किती अंतर होणार?)

यावर आपला उपाय ठरलेला. आईबाबांच्या मोबाईलमध्ये एक ॲप टाकून द्यायचं आणि सांगायचं, "रोज दहा हजार स्टेप्स." बाबांनी तीन दिवस बघितलं. १,९००, २,४००, २,१००. चौथ्या दिवशी ॲप उघडलंच नाही. आता सांगा, एम-थ्रीमध्ये चाळीस मिळवायची मारामार असलेल्या पोराला "डिस्टिंक्शन आण, नाहीतर शून्य" असं सांगितलं तर तो अभ्यासाला बसेल की कँटीनला जाईल?

शिवाय हे दहा हजार आले कुठून? १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाचं वारं होतं. १९६५ साली यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजण्याचं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव 'मानपो-केई'. मान म्हणजे दहा हजार, पो म्हणजे पावलं, केई म्हणजे मापक. थोडक्यात, ज्या आकड्यापुढे आमचे बाबा हात टेकतात तो एका मालाच्या नावामुळे जगभर गेला! आकडा वाईट नाही, गोल आहे, लक्षात राहतो. पण तो सीमारेषा नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांहून जास्त बायकांवरचा अभ्यास आला. रोज साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं, आणि ७,५०० च्या आसपास हा फायदा वाढायचा थांबला. ज्या आधीच धडधाकट त्याच जास्त चालत असतील, अशी शंका घ्यायला जागा आहे, ती घ्यावीच. तरी एक गोष्ट कळते. सगळ्यात मोठा फरक तळातल्या माणसाच्या पहिल्या हजार-दोन हजार पावलांत आहे. आणि दहा हजारांचं टार्गेट नेमकं त्यालाच पळवून लावतं.

म्हणून टार्गेट देऊच नये का? तसं मुळीच नाही. २००७ साली 'जामा'मध्ये २६ अभ्यास एकत्र तपासले गेले. पेडोमीटर लावणाऱ्यांची चाल रोज दोन-अडीच हजार पावलांनी वाढली होती, पण ज्यांना काहीच ध्येय दिलं नव्हतं त्यांच्यात म्हणण्यासारखी वाढ नव्हती. नुसता मीटर बसवून काही होत नाही, सेट-पॉइंट लागतो. कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर दिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. प्रश्न एवढाच, की सेट-पॉइंट कुठे ठेवायचा?

याचं मला सगळ्यात आवडलेलं उत्तर अमेरिकेतल्या २०१३ च्या एका छोट्या प्रयोगात आहे. माणसाचे मागचे नऊ दिवस घ्यायचे, आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि त्यांचा साठावा पर्सेंटाइल हे उद्याचं ध्येय. आपल्या भाषेत, नवांतला साधारण सहावा आकडा. बाबांचे नऊ दिवस समजा १,८००, १,९००, २,१००, २,२००, २,४००, २,६००, २,९००, ३,३०० आणि ४,१००. मग उद्याचं टार्गेट २,६००. यातली गंमत बघा. हे टार्गेट बाबांनी गेल्या नऊ दिवसांत चार वेळा पूर्ण केलेलंच आहे! "मला जमणार नाही" म्हणायला तोंडच उरत नाही. चालणं वाढलं की आकडा वर सरकतो, ताप आला किंवा पाहुणे आले की आपोआप खाली येतो, आणि कुणाला लाजवत नाही. त्या प्रयोगात स्थिर दहा हजारवाल्यांची चाल १,५९८ पावलांनी वाढली, बदलत्या ध्येयवाल्यांची २,७२८ ने. माणसं फक्त वीस होती आणि दुसऱ्या गटाला जोडीला छोटी बक्षिसंही होती, त्यामुळे श्रेय कशाला किती, ते वाटून देता येत नाही.

बक्षीस म्हटलं की आमच्याकडे लगेच कोणीतरी म्हणतं, "मोठ्या माणसाला कसली लालूच? स्वतःच्या तब्येतीसाठी चालायला नको?" नको कशाला, हवंच! पण मग ७५ टक्के अटेंडन्सची अट काढून टाका आणि सकाळी साडेआठच्या लेक्चरला ज्ञानासाठी किती जण येतात ते मोजा. फायदा दहा वर्षांनी आणि कंटाळा आत्ता, असा सौदा असेल तर कोणीही कंटाळाच निवडणार. बक्षीस त्याच दिवशी मिळालं तरच त्याला अर्थ. सोसायट्यांमध्ये आणि ऑफिसांत 'स्टेप्स चॅलेंज' होतात, महिनाअखेर पहिला नंबर काढतात. तो कोणाला जातो? जो आधीपासून मॅरेथॉन पळतो त्याला! आमचे बाबा त्या यादीत सत्तेचाळिसावे.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या २८१ कर्मचाऱ्यांवरचा २०१६ चा प्रयोग तर धमाल आहे. टार्गेट ७,००० पावलं, १३ आठवडे. एका गटाला टार्गेट गाठलं की दिवसाला १.४० डॉलर. एका गटाला लॉटरी. तिसऱ्याला महिन्याच्या सुरुवातीलाच ४२ डॉलर खात्यावर दाखवायचे आणि चुकलेल्या दिवशी १.४० कापायचे. हिशोब तोच, पण पैसे कापले जाणारा गट ४५ टक्के दिवस टार्गेट गाठत होता, बक्षीस मिळणारा ३५ टक्के आणि काहीच न मिळणारा ३० टक्के. हातातलं गेलेलं माणसाला जास्त टोचतं.

हे मी घरी लगेच लागू केलं. पहिल्या तारखेला डब्यात तीनशे रुपये, बाबांच्या नावाने. टार्गेट चुकलं की त्यातले दहा रुपये माझे, वडापावला. (पैसे शेवटी त्यांचेच, माझ्या पॉकेटमनीतून वाचवलेले, पण ते असो.) जन्मभर जमाखर्च केलेला माणूस रात्री साडेनऊला दहा रुपयांसाठी पार्किंगमध्ये फेऱ्या मारताना मी पाहिलाय. "तुला वडापाव खाऊ देणार नाही," म्हणाले!

पण त्या प्रयोगाचा दुसरा भाग कोणी फारसा सांगत नाही. पैसे बंद केल्यावर पुढचे १३ आठवडे मोजलं, तेव्हा गटांतला फरक उरलाच नव्हता. इथे मला वाटतं, की डबा हा स्कूटरच्या किकसारखा आहे. इंजिन चालू होईपर्यंत ठीक. पुढे पेट्रोल दुसरं काहीतरी हवं. बाबांच्या बाबतीत ते म्हणजे खालच्या मजल्यावरचे काका. दोघं रात्री जेवल्यावर राजकारणावर भांडत चौकापर्यंत जातात, आणि भांडण संपलं नाही तर पुढच्याही चौकापर्यंत. आई मात्र येत नाही. आमच्या रस्त्याच्या फूटपाथवर अर्ध्या भागात बाईक्स असतात, उरलेल्यात फरशा हलतात, आणि दिवे गेलेले. तिच्यासाठी कुठलं टार्गेट आणि कुठलं बक्षीस? तिथे आधी फूटपाथच लागेल, आणि तो माझ्या डब्यातून येणार नाही.

बी.ई.च्या प्रोजेक्टला विषय शोधणाऱ्यांना एक विनंती. अजून एक अटेंडन्स सिस्टिम करण्याऐवजी नऊ दिवसांचं हे ध्येय काढणारं मराठी ॲप करा, ज्यात 'आज का जमलं नाही' याला 'रस्ता खराब' असाही पर्याय असेल. माझ्याकडे नऊ आठवड्यांचा डेटा एक्सेलमध्ये तयार आहे आणि बाबांची परवानगीही. टी.ई., ई अँड टीसीच्या वर्गात येऊन मागून घ्या.