भगिनी रोझेटा थार्प यांच्या ध्वनिमुद्रिका

गेल्या नाताळच्या पूर्वीं वरच्या वर्गांतील कांहीं मुलें व मुली आमच्याकडे एक विनंती घेऊन आलीं होतीं. नाताळच्या उपासनेंत पेटी व तबला यांच्या जोडीस विजेवर चालणारी गिटार घेण्याची परवानगी असावी, अशी ती विनंती होती. आम्हीं ती तत्काळ नाकारिली. ज्या वाद्यावर रॉक अँड रोल नांवाचा धांगडधिंगा चालतो, तें वाद्य देवाच्या मंदिरांत कशाला, असे आमचे शब्द होते. आणि ते उच्चारितांना आपण मोठ्या शहाणपणाचें कांहीं बोलत आहों, अशी आमची समजूत होती. मुलें मुकाट्यानें परत गेलीं. दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत त्यांतील एका मुलीनें आपल्या वडिलांच्या मोबाईलवर एक गाणें आम्हांस ऐकविलें व म्हणाली, “सर, ही बाई कोण तें ओळखा.” आम्हांस ओळखतां आलें नाहीं. मोबाईल शाळेंत आणणें नियमाविरुद्ध आहे, हेंही त्या घटकेस आमच्या ध्यानीं राहिलें नाहीं.

त्या बाईंचें नांव भगिनी रोझेटा थार्प. रॉक अँड रोल ज्यांच्यापासून निघालें असें जाणते लोक मानतात, त्यांत त्यांची गणना पहिल्या पंक्तींत होते. आणि गंमत अशी कीं, त्यांच्या गाण्यांपैकीं बहुतेक सर्व गाणीं प्रभूच्या स्तुतीचींच आहेत. तेव्हां आम्हीं ज्या तर्कावर मुलांस परत पाठविलें, तो तर्कच मुळीं उलटा होता. तें वाद्य व ती लय नाचघरांतून मंदिरांत शिरूं पाहत होती असें नव्हे. ती पुष्कळ अंशीं मंदिरांतूनच बाहेर गेली होती.

रोझेटाबाईंचा जन्म २० मार्च १९१५ रोजीं अमेरिकेच्या आर्कान्सा संस्थानांतील कॉटन प्लँट या गांवीं झाला. गांवाच्या नांवांतच कापूस आहे, व तेथील कृष्णवर्णीय लोकांचें आयुष्य त्या कापसांतच जात असे. त्यांची आई केटी बेल न्यूबिन ही मँडोलिन वाजवी, गात असे व सुवार्ता सांगत असे. ती ज्या मंडळीची सभासद होती ती चर्च ऑफ गॉड इन क्राइस्ट नांवाची मंडळी बिशप चार्ल्स हॅरिसन मेसन यांनीं स्थापिली होती. या मंडळींत ढोल, डफ, टाळ्या व पायांचा ठेका हीं उपासनेचींच अंगें मानिलीं जात. स्तोत्रसंहितेंतील १५० व्या स्तोत्रांत कर्णा, वीणा, डफ, झांजा यांची जी यादी आहे, ती त्या लोकांनीं आज्ञा म्हणून वाचिली. आपण बहुतेक जण ती काव्य म्हणून वाचतों. मुलगी सहा वर्षांची होण्याच्या सुमारासच आईबरोबर गिटार घेऊन सभांतून उभी राहूं लागली. पुढें मायलेकी शिकागोस गेल्या. १९३४ सालीं मुलीनें थॉमस थॉर्प नांवाच्या एका उपदेशकाशीं विवाह केला. तो विवाह टिकला नाहीं. परंतु त्या आडनांवाचें ‘थार्प’ होऊन तें मात्र जन्मभर टिकलें.

१९३८ साल त्यांच्या आयुष्यांत मोठ्या उलथापालथीचें ठरलें. त्या न्यूयॉर्क येथें आल्या, कॉटन क्लब नांवाच्या प्रसिद्ध नाचघरांत कॅब कॅलोवे यांच्या वाद्यवृंदाबरोबर गाऊं लागल्या, आणि ३१ ऑक्टोबर रोजीं डेक्का कंपनीसाठीं त्यांनीं आपल्या पहिल्या चार ध्वनिमुद्रिका गाइल्या. त्याच वर्षीं २३ डिसेंबरला कार्नेगी हॉल या मान्यवर सभागृहांतही त्या गाइल्या. पहिल्या चार मुद्रिकांपैकीं ‘रॉक मी’ ही विशेष गाजली. मूळ गीत थॉमस डॉर्सी यांचें. ‘देवा, मला तुझ्या उराशीं लपव’ असा त्याच्या मूळ नांवाचा भाव आहे. डॉर्सी हे स्वतः आरंभीं ब्लूज नांवाच्या लौकिक गायनाचे पियानोवादक होते, व पुढें भक्तिगीतांकडे वळले. ‘रॉक’ म्हणजे पाळण्यांत झुलविणें. आईच्या हातीं ज्याप्रमाणें लेंकरूं, त्याप्रमाणें देवाच्या हातीं आपला जीव, ही कल्पना ओवींतून व अंगाईंतून वाढलेल्या मराठी माणसास समजावून सांगावी लागत नाहीं. परंतु तोच शब्द नाचघरांत म्हटला म्हणजे ऐकणाऱ्यांच्या मनांत दुसरा अर्थ उभा राहतो, हेंही खरें; आणि तेथूनच तंट्यास आरंभ झाला.

या मुद्रिका ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघाल्या. एका बाजूस सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावे. आजच्या मानानें आवाज अस्पष्ट आहे, मधून मधून खरखर ऐकूं येते, व पहिल्यानें ऐकणारास कदाचित् निराशाच होईल. त्यानें एक करावें. दुसऱ्यानें ऐकतांना शब्दांकडे लक्ष न देतां केवळ गिटारीकडे द्यावें. बाई एकट्याच आहेत, सोबतीस कोणी नाहीं. तरी अंगठा खालच्या स्वरांवर ठेका धरून आहे, आणि दुसरीं बोटें वरच्या तारांवर एकेक स्वर वेंचून गळ्यास उत्तर देत आहेत. गळा ओळ अर्धी टाकतो व उरलेली अर्धी तार पुरी करिते. आपल्याकडे भजनांत बुवानें ओळ सोडावी व टाळकऱ्यांनीं ती उचलावी, तसाच कांहींसा हा प्रकार आहे. मात्र येथें बुवा व टाळकरी एकच बाई आहे. पुढें मोठ्या वाद्यवृंदाबरोबर व विजेच्या गिटारीवर त्यांनीं जीं गाणीं गाइलीं त्यांत जोर अधिक आहे. परंतु हा संवाद पहिल्या मुद्रिकांत जितका उघडा दिसतो तितका नंतर क्वचितच दिसतो, असें आमचें मत आहे.

आतां त्या तंट्याविषयीं. मंडळींतील पुष्कळ वडील माणसें रोझेटाबाईंवर रुष्ट झालीं. देवाचें गीत जेथें मद्य पितात व नाचतात तेथें गाणें म्हणजे पवित्र वस्तु रस्त्यावर टाकणें होय, असें त्यांचें म्हणणें होतें. हें म्हणणें हंसण्यावारी नेण्याजोगें नाहीं. पोटासाठीं व पैशासाठीं माणूस काय विकतो, हा प्रश्न धर्मभीरु मनुष्यानें विचारिलाच पाहिजे. १९४१ पासून रोझेटाबाई लकी मिलिंडर यांच्या वाद्यवृंदांत होत्या, व तेथें त्यांनीं निव्वळ थिल्लर म्हणावीं अशींही कांहीं गाणीं गाइलीं. त्यांतील एक उंच व सडपातळ प्रियकराविषयीं आहे. तें वर्गांत लावण्याचा आमचा मुळींच विचार नाहीं. १९४३ सालीं त्या तो वाद्यवृंद सोडून पुन्हां भक्तिगीतांकडे आल्या, यावरून त्यांस स्वतःसही त्या मार्गांत समाधान नव्हतें असें अनुमान करण्यास जागा आहे.

परंतु वडिलांचा राग केवळ स्थळाविषयीं असता तर गोष्ट निराळी होती. कित्येकांचा राग त्या लयीविषयीं होता, बाईनें पुरुषासारखी गिटार वाजविण्याविषयीं होता, व ती वाजवितांना त्यांच्या मुद्रेवर जो उघड आनंद दिसे त्याविषयींही असावा, असें आम्हांस वाटतें. दावीद राजा कोशापुढें नाचला तेव्हां मीखलनें खिडकींतून पाहून त्यास मनांत तुच्छ मानिलें, ही कथा आम्ही दरसाल पवित्र शास्त्राच्या तासास शिकवितों. शिकवितांना आम्ही नेहमीं दाविदाच्या बाजूचे असतों. आणि उपासनेची व्यवस्था आमच्या हातीं आली म्हणजे कित्येकदां मीखलच्या खिडकीशीं जाऊन उभे राहतों. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं ख्रिस्ती उपासनेसाठीं देशी वळणाचीं भजनें रचिलीं, आणि त्यांवांचून आज आमच्या मराठी उपासनेची कल्पनाही करवत नाहीं. पेटी तरी कोठून आली? तीही परदेशचीच, फरक इतकाच कीं, ती आमच्या जन्मापूर्वीं आली.

१९४४ सालीं रोझेटाबाईंनीं सॅमी प्राइस यांचा पियानो व त्यासोबत बास आणि ढोल घेऊन ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ हें जुनें भक्तिगीत मुद्रित केलें. १९४५ च्या एप्रिलांत तें बिलबोर्ड पत्राच्या कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठीं असलेल्या यादींत दुसऱ्या स्थानावर होतें. रॉक अँड रोलची पहिली मुद्रिका हीच, असें कित्येक म्हणतात. पहिली कोणती या वादांत आम्हांस फारसें स्वारस्य नाहीं. नदीचा उगम दाखविणारे दर कोसावर भेटतात. परंतु सालें पाहावीं. एल्विस प्रेस्ली यांची पहिली व्यावसायिक मुद्रिका १९५४ ची, चक बेरी यांची १९५५ ची. रोझेटाबाईंच्या या मुद्रिकेंत पियानोची जी धांव आहे व गिटारीची जी टोंचणी आहे, ती त्याहून दहा वर्षें आधींची. नंतर १९४७ सालीं मेरी नाइट यांच्यासह त्यांनीं ‘अप अबव्ह माय हेड’ हें गीत गाइलें. दोन स्त्रियांचे आवाज एकमेकींस हांक देतात व ओ देतात, एवढेंच त्यांत आहे. परंतु तें ऐकतांना आमच्या घरांतील लहान मूल आपोआप टाळ्या वाजवूं लागलें.

त्याच १९४७ सालीं जॉर्जियांतील मेकन शहरीं त्यांचा कार्यक्रम होता. तेथें चौदा वर्षांचा एक मुलगा त्यांचें गीत गात असतांना त्यांच्या कानीं पडला, व त्यांनीं त्यास रंगमंचावर बोलावून गावयास लाविलें. हाच मुलगा पुढें लिटल रिचर्ड या नांवानें जगप्रसिद्ध झाला. १९८६ सालीं रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या संस्थेनें ज्या पहिल्या मंडळीस गौरविलें, त्यांत एल्विस होते, चक बेरी होते व हे लिटल रिचर्डही होते. ज्या बाईंनीं त्या मुलास मंचावर घेतलें त्यांस तो मान २०१८ सालीं मिळाला, म्हणजे त्यानंतर ३२ वर्षांनीं, व त्यांच्या मृत्यूनंतर ४५ वर्षांनीं. हें केवळ विस्मरण होय असें आम्हांस म्हणवत नाहीं. त्या स्त्री होत्या, कृष्णवर्णीय होत्या, व देवाचीं गाणीं गात होत्या. इतिहास लिहिणाऱ्यांस यांपैकीं एखादें कारणही पुरेसें होतें. त्यांच्या हयातींतला व्यवहारही तसाच होता. दक्षिणेकडील शहरांत सभागृह त्यांच्या नांवावर भरे, परंतु तेथील गोऱ्यांच्या हॉटेलांत त्यांस खोली मिळत नसे, म्हणून त्या आपल्या मोटारगाडींतच निजत.

जें गाणें त्या मुलीनें आम्हांस ऐकविलें तें १९६४ चें. त्या वर्षीं ७ मे रोजीं इंग्लंडांत मँचेस्टर येथें एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनांत ग्रॅनाडा टेलिव्हिजननें कार्यक्रम चित्रित केला. एका फलाटावर श्रोते व समोरच्या फलाटावर गाणारे, मध्यें रूळ. पाऊस पडत होता. रोझेटाबाई त्या वेळीं ४९ वर्षांच्या होत्या. त्या घोडागाडींतून उतरल्या, लांब कोटानिशीं चालत आल्या, पांढरी गिटार गळ्यांत अडकविली, व पाऊस पाहून नोहाच्या जलप्रलयाचें ‘डिडन्ट इट रेन’ हें गीतच त्यांनीं आरंभिलें. समोरच्या गोऱ्या तरुणांपैकीं कितींनीं उत्पत्तीचें पुस्तक वाचिलें असेल देव जाणे. पण त्या तीन-चार मिनिटांत त्यांच्यापुढें तारवाची कथा झाली ती कोणाही पाळकानें हेवा करावा अशी. (पावसांत विजेचें वाद्य वाजविण्याचा हा प्रयोग विद्यार्थ्यांनीं मात्र करूं नये.)

पुढील वर्षें कष्टाचीं गेलीं. १९७० सालीं त्यांस पक्षाघाताचा झटका आला, मधुमेहामुळें एक पाय कापावा लागला, तरी त्या बसून गात राहिल्या. ९ ऑक्टोबर १९७३ रोजीं फिलाडेल्फिया येथें त्यांचा अंत झाला. १९५१ सालीं वॉशिंग्टनच्या क्रीडांगणावर ज्यांचा विवाह पाहण्यास तिकीट काढून हजारों लोक जमले होते, त्यांच्या कबरेवर साधा नांवाचा दगडही पस्तीस वर्षें नव्हता. २००७ सालीं गेल वॉल्ड या विदुषीनें त्यांचें चरित्र प्रसिद्ध केलें, त्यांच्या चाहत्यांनीं पैसे जमविले, तेव्हां कोठें तो दगड बसला.

कित्येक पालक आम्हांस विचारतील कीं, एका बाईच्या गोष्टीवरून तुम्ही आमच्या मुलांच्या हातीं गिटार देणार काय? आम्ही म्हणतों, वाद्य पाहूं नका, काय गातात व कसें गातात तें पाहा. जेथें शब्द बुडून जातात व केवळ गोंगाट उरतो, तेथें आमचा विरोध पूर्वींप्रमाणेंच कायम आहे; तो पेटीच्या गोंगाटासही आहे, आणि तसा गोंगाट आम्हीं पुष्कळ ऐकिला आहे. आमच्या मुलांस आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, प्रथम ‘रॉक मी’ची १९३८ ची मुद्रिका ऐका, मग १९४४ चें गाणें, मग मँचेस्टरचें चित्रण पाहा, आणि नंतर येऊन आम्हांस वाजवून दाखवा. त्यांनीं तसें केलें. दोन गाणीं ठीक बसलीं, तिसऱ्यांत ढोलानें गिटारीस गांठूं दिलें नाहीं. येत्या नाताळच्या उपासनेंत पहिलीं दोन घेण्याचें ठरलें आहे. तालीम दर शनिवारीं शाळा सुटल्यावर असते, व ज्या पालकांस शंका असेल त्यांनीं येऊन मागच्या बाकावर बसावें.